फडताळ म्हणजे काय, मामी?

मे महिन्याच्या सुट्टीत भाची आमच्याकडे मुलुंडला राहायला आली होती. वय अकरा, शाळा इंग्रजी माध्यमाची, घर कांदिवलीला सोळाव्या मजल्यावर. घरात मराठीच बोलतात, त्यामुळे जीभ फाडफाड चालते. पण मराठी पुस्तक पुढे केलं की ताटात कारलं वाढल्यासारखा चेहरा होतो. एका दुपारी पंख्याखाली लोळत तिने कपाटातली एक किशोर-कादंबरी उघडली आणि पहिल्या दोन पानांत मला सहा हाका मारल्या. "मामी, फडताळ म्हणजे काय?" "मामी, ही ओसरी कोण?" "मामी, हिरमुसला म्हणजे?" सातव्या हाकेला मी नियम घातला: प्रकरण संपेपर्यंत मला काहीही विचारायचं नाही. जिथे अडेल तिथे पुढे जायचं. ओठ काढून का होईना, तिने तो मान्य केला.

नियमामागे माझी दुपारची झोप होती, नाही असं नाही. पण खरं कारण दुसरं होतं. मी मुद्रितशोधनाचं काम करते, दिवसभर शब्दांतच असते, आणि शब्द डोक्यात कसे रुजतात हा माझ्या कुतूहलाचा विषय आहे. त्यावर गेल्या पन्नासेक वर्षांत बरंच संशोधन झालं आहे. आपण शाळेत धड्याखालचे 'शब्दार्थ' घोकून शिकलो. त्या पद्धतीत एक गृहीत असतं, की शब्द एकदा सांगितला की झाला. संशोधन नेमकं त्याच्या उलट बोलतं.

फडताळाचंच बघा. पुस्तकातली वाक्यं इथे देत नाही, त्या धर्तीची माझी देते. पहिल्यांदा आजी फडताळातून लाडवांचा डबा काढते. भाचीला कळलं ते एवढंच, की ही काहीतरी ठेवायची जागा आहे. फळी असेल, पिशवी असेल, फ्रीजसुद्धा असेल. आठ-दहा पानांनी फडताळाचं दार करकरतं आणि चोरून खाणारा पोरगा पकडला जातो. म्हणजे याला दार आहे. फळी आणि पिशवी बाद. पुढे पोरं लपाछपी खेळतात तेव्हा एक जण म्हणतो, फडताळात मांजर मावेल, तू नाही मावणार. म्हणजे लहान आहे. आणि बरंच नंतर, पावसाळ्यात भिंतीला ओल येते तेव्हा फडताळाच्या चौकटीभोवतीचा चुना गळून पडतो. म्हणजे हे भिंतीतच बसवलेलं आहे. भिंतीत बसवलेलं, दार असलेलं, लहानसं कपाट. शब्दकोश तरी याहून वेगळं काय सांगणार?

यातलं काहीही तिने ठरवून केलं नाही. तिला लाडू कोणी खाल्ले ते हवं होतं. फडताळ वाटेत चार वेळा भेटलं आणि दर भेटीत त्याचा एकेक कोपरा तिला दिसत गेला.

शंभरातले पंधरा

एका भेटीत शब्द किती कळतो, याची मोजदाद झालेली आहे. १९८५ साली नॅगी, हर्मन आणि अँडरसन या तीन अमेरिकी संशोधकांनी आठवीतल्या मुलांना साधे उतारे वाचायला दिले. "शब्द पाठ करा" वगैरे काही सांगितलं नाही. वाचून झाल्यावर उताऱ्यांतल्या अवघड शब्दांची चाचणी घेतली. मुलं शब्द शिकली होती, पण थोडे. पुढे १९९९ मध्ये स्वॅनबॉर्न आणि द ग्लॉपर या नेदरलँड्समधल्या दोघांनी अशाच २० प्रयोगांचे निष्कर्ष एकत्र मांडले. सरासरी निघाली ती अशी: सहज वाचताना भेटलेल्या शंभर अनोळखी शब्दांपैकी साधारण पंधरा पदरात पडतात. उताऱ्यात अनोळखी शब्दांची दाटी कमी असेल तर प्रमाण वाढतं, जास्त असेल तर घटतं.

पंधरा टक्के ऐकून आई-वडिलांचे चेहरे पडतात. "मग पाठच करून घेऊ की!" थांबा, जरा हिशेब करू. १६० पानांची किशोर-कादंबरी, पानाला २५० शब्द धरले तर झाले ४०,००० शब्द. मुलाला शंभरातले दोन अनोळखी आहेत असं समजू; म्हणजे ८००. त्यातले कितीतरी फडताळासारखे परत परत येणारे, म्हणून वेगवेगळे शब्द निम्मे धरू, ४००. त्याचे पंधरा टक्के म्हणजे ६०. महिन्याला एक कादंबरी झाली तर वर्षाला सातशेच्या वर. हा माझा कागदावरचा हिशेब आहे, प्रयोग नव्हे, आणि त्यात दहा ठिकाणी चिमटा काढता येईल. पण घोकंपट्टीने वर्षाला सातशे शब्द कोणी आणि कसे करून घेतले असते, ते मला सांगा. शिवाय या साठ शब्दांसाठी मुलाला एकदाही ओरडावं लागत नाही.

आता कोणी म्हणेल, घरात एवढं मराठी बोलतो, टीव्ही असतो, मग पुस्तकच कशाला? तर आपण घरात काय बोलतो ते एक दिवस कान देऊन ऐका. "डबा घेतलास?" "व्हॅन आली." "ते तिकडचं ते दे ना." "चार्जर कुठाय?" समोरासमोर बोलताना हात, डोळे, 'ते' आणि 'हे' यांच्यावर निभावतं. हेज आणि अहरेन्स या दोन अमेरिकी संशोधकांनी १९८८ मध्ये इंग्रजीपुरतं हे मोजलं. भाषेतले सर्वांत जास्त वापरले जाणारे दहा हजार शब्द बाजूला काढले आणि त्यापलीकडचे, म्हणजे क्वचित भेटणारे शब्द कुठे किती येतात ते पाहिलं. कॉलेज शिकलेल्या मोठ्या माणसांच्या गप्पांत हजारी १७. रात्रीच्या टीव्ही कार्यक्रमांत २३. आणि मुलांच्या पुस्तकांत ३१. पदवीधर आई-बाबांच्या गप्पांपेक्षा मुलांच्या पुस्तकात जवळपास दुप्पट! मराठीत कोणी मोजलं तर आकडे वेगळे येतील. कल उलटा येईल असं मला वाटत नाही. "वारा पडला होता आणि पिंपळाचं पानही हलत नव्हतं" हे वाक्य जेवणाच्या टेबलावर कोण बोलतं? आपल्याकडे वारा पडला की "एसी लाव" म्हणतात.

पाच बोटं

पुस्तक किती अवघड असावं, हा पुढचा प्रश्न, आणि इथेच बहुतेकांचं चुकतं. मुलाला वाढवायचं म्हणून हौसेने पल्ल्याबाहेरचं पुस्तक आणायचं, मग ते तीन पानांत मिटलं की "आजकालची मुलं वाचतच नाहीत" म्हणून मोकळं व्हायचं.

न्यूझीलंडचे पॉल नेशन हे शब्दसंग्रहाच्या अभ्यासातलं मोठं नाव. मार्सेला हू यांच्याबरोबर त्यांनी केलेला एक प्रयोग २००० साली प्रसिद्ध झाला. इंग्रजी दुसरी भाषा असलेल्या विद्यार्थ्यांना एक गोष्ट वाचायला दिली, पण तिच्यातले काही शब्द काढून त्या जागी बनावट, अर्थहीन शब्द घातले. कोणाच्या प्रतीत शंभरात पाच, कोणाच्या दहा, कोणाच्या वीस. शंभरात वीस शब्द खोटे असलेल्या प्रतीवरून गोष्ट पुरेशी कोणालाच कळली नाही. दहा आणि पाच असतानाही थोड्यांनाच कळली. या सगळ्यावरून त्यांनी रेषा ओढली ती ९८ टक्क्यांवर: पन्नास शब्दांत एकाहून जास्त अनोळखी नसेल, तर कोणाच्या मदतीशिवाय गोष्ट आनंदाने वाचता येते.

पन्नासात एक म्हणजे २५० शब्दांच्या पानात पाच. गंमत म्हणजे शाळांच्या वाचनालयांत एक जुनी युक्ती चालत आली आहे. पुस्तकाचं मधलंच पान उघडायचं, अनोळखी शब्द आला की एक बोट मिटायचं. पान संपायच्या आत मूठ झाली तर पुस्तक आत्ता ठेवून द्यायचं. कोणा बाईंनी अनुभवाने काढलेली मूठ आणि विद्यापीठातली टक्केवारी बरोबर एका जागी येऊन भेटतात. मला हे फार आवडतं.

भाचीची पहिल्या दोन पानांत सहा बोटं झाली होती. म्हणजे पानाला तीन. पुस्तक तिच्या मापाचंच होतं. घाबरली होती ती शब्दांना नाही, शब्द न कळता पुढे जाण्याला. शाळेत असं पुढे जाऊ देत नाहीत ना!

मराठीची स्वतःची भानगड

आतापर्यंतचं बहुतेक संशोधन इंग्रजीवरचं. मराठीत आणखी एक अडचण येते, आणि तिच्याबद्दल फारसं कोणी बोलत नाही. मराठी शब्द पुस्तकात क्वचितच त्याच्या मूळ रूपात बसलेला सापडतो. शब्दकोशात 'पाणी' आहे. पुस्तकात पाण्यात, पाण्याने, पाण्यावरून, पाण्यासारखं. इंग्रजीतलं वॉटर आत असो की बाहेर, वॉटरच राहतं. आपल्याकडे सासूची सासवेला होते, विळ्याचा पत्ता 'विळा'पाशी शोधावा लागतो, आणि हिंदकळलं, हिंदकळत, हिंदकळू ही तिन्ही 'हिंदकळणे'च्या घरी राहतात. मोठ्या माणसाला हे जाणवतही नाही. पण ज्या मुलाला शब्दच माहीत नाही, त्याला मूळ रूप कसं कळणार? मग शब्दकोश उघडूनही उपयोग नाही.

त्यातही चकवे आहेत. कादंबरीत एक वाक्य होतं, त्यात 'माशांचा' असा शब्द होता. भाचीने डोळ्यांसमोर कोळिणीची पाटी आणली. प्रत्यक्षात गुळाच्या ढेपेवर घोंघावणाऱ्या माशा होत्या. मासा आणि माशी दोघंही अनेकवचनात प्रत्यय लागला की 'माशां' होतात! ससून डॉकच्या मासळीबाजारात तर दोन्ही अर्थ एकाच वेळी खरे ठरतील.

पण याच घडणीचा फायदाही होतो. एक शब्द पकडला की त्याचं गणगोत मागून येतं. 'मळकट' कळलं होतं तिला. मग 'मातकट' पाणी आलं तेव्हा विचारावं लागलं नाही. तेलकट, पोरकट, भुरकट, सगळ्यांत ती 'कट' म्हणजे त्या गोष्टीची जराशी, बहुधा नको असलेली छटा. दुसऱ्या दिवशी नाश्त्याला तिने मला गाठलं. "मग बळकट म्हणजे बळासारखं, आणि फुकट म्हणजे फू सारखं?" नियम पुढे ओढून पाहणं हीच शिकल्याची खूण. बळकटात कमीपणाची छटा नाही, आणि फुकटाचा या कुळाशी संबंधच नाही, एवढं सांगून मी पोह्यांकडे वळले.

संदर्भ खोटंही बोलतो

वाचता वाचता अर्थ आपोआप कळतो, असं सरसकट सांगणाऱ्यांवर विश्वास ठेवू नका. इझाबेल बेक आणि त्यांच्या दोन सहकाऱ्यांनी १९८३ मध्येच दाखवून दिलं, की सगळे संदर्भ सारखे नसतात. काही अर्थाकडे बोट दाखवतात, काही मुके असतात, आणि काही चक्क दिशाभूल करतात.

'हिरमुसला' पुढे पुन्हा भेटला तेव्हा तेच झालं. प्रसंग साधारण असा: दादा हिरमुसून गॅलरीत उभा आहे, खाली पोरं दहीहंडीसाठी थरावर थर रचताहेत, ढोल वाजतोय, वरून पाणी मारताहेत. भाचीने अर्थ लावला 'एक्साइट झाला'. तिचं काय चुकलं? गल्लीत एवढा दंगा चाललेला असताना माणूस आणखी काय होणार? दादाला तापामुळे खाली सोडलेलं नाही, हे चार पानं आधी येऊन गेलं होतं आणि ती ते विसरली होती. अशा वेळी मोठ्या माणसाने तोंड उघडावं. प्रकरण संपल्यावर मी फक्त विचारलं, "दादा गॅलरीत का उभा होता गं?" तिने मागची पानं उलटली, तापाशी पोचली, आणि म्हणाली, "ओह, म्हणजे सॅड." जवळ आली. हिरमुसणं म्हणजे नुसतं दुःख नव्हे. उत्साहाने पुढे गेलेल्याचा चेहरा उतरतो, ते हिरमुसणं. आजोबा वारल्यावर कोणी हिरमुसत नाही. पण हा फरक मी सांगितला नाही. तो सांगून कळत नाही. दोन-चार हिरमुसलेली पात्रं भेटावी लागतात.

'शब्द येतो' म्हणजे काय, या प्रश्नाशी आपण इथे पोचतो. अर्थ येणं ही त्यातली एक पायरी. शब्द कोणाबरोबर उठतो-बसतो तेही यावं लागतं. आणि मराठीत भावनांच्या शब्दांची संगत इतकी लहरी आहे की मुद्रितशोधक असूनही मला तिचा नियम सांगता येणार नाही. राग येतो, आनंद होतो, लाज वाटते, हुरहुर लागते. कंटाळा येतो, उबग येतो आणि वीटही येतो. चुटपुट मात्र लागते आणि हळहळ वाटते. राग लागला म्हटलं तर अर्थच बदलतो. आनंद येतो म्हणावं तर कानाला खटकतं, पण 'मजा' मात्र खुशाल येते. हे कुठल्या शब्दार्थांच्या यादीत मिळणार? यादीत 'हुरहुर = अनामिक अस्वस्थता' एवढंच असतं आणि त्यातलं 'अनामिक' पुन्हा विचारावं लागतं. कादंबरीत हुरहुर नेहमी 'लागलेली'च भेटते, बहुतेकदा संध्याकाळी, कोणाची तरी वाट पाहताना. क्रियापद, वेळ, वातावरण, सगळं एका गाठोड्यात मिळतं.

मग वहीचं काय?

वही असावी, पण बारीक. एका प्रकरणातले दोन शब्द, जास्तीत जास्त तीन. कोणते, ते निवडायला याच बेकबाईंची एक सोपी वाटणी उपयोगी पडते. शब्दांचे तीन ढीग करायचे. पहिल्यात रोजचे: पाणी, धावणे, लाल. ते न शिकवता येतात. तिसऱ्यात विषयाचे: प्रकाशसंश्लेषण, लघुकोन. ते त्या त्या विषयाच्या तासाला शिकायचे. मधला ढीग सोन्याचा. असे शब्द जे कुठल्याही गोष्टीत, बातमीत, निबंधात भेटू शकतात, पण रोजच्या बोलण्यात येत नाहीत: चाहूल, तत्पर, अवाढव्य, निमूट, हिरमुसणे. वहीत जायला लायक ते हे.

मराठी किशोर-कादंबऱ्यांसाठी मला यात चौथा ढीग घालावासा वाटतो: काळाआड गेलेल्या वस्तूंचा. ओसरी, माजघर, रहाट, जातं, आणि आपलं फडताळसुद्धा. मुंबईत तर याला गावाकडची गोष्टही लागत नाही. गिरगावातल्या चाळीत घडणारी कादंबरी घेतली तरी पोटमाळा आणि मोरी आलीच, आणि टॉवरमधल्या मुलाला मोरी माहीत नसते. हे शब्द गोष्टीपुरते कळले तर पुरे. वहीत लिहून त्यांचं ओझं करू नये. आई-बाबांना मात्र नेमके याच शब्दांचे उमाळे येतात, आणि मुलाला 'चाहूल' राहते बाजूला, रहाटावर अर्धा तास भाषण मिळतं.

वहीत नुसता अर्थ लिहिला तर ती पुन्हा शब्दार्थांची यादी झाली. शब्द, त्याचं पुस्तकातलं वाक्य, आणि खाली स्वतःचं एक वाक्य. मग त्या पानाकडे परत यायचं, पण रोज नाही. दुसऱ्या दिवशी एकदा, चार दिवसांनी, पंधरवड्याने. हर्मन एबिंगहाऊस या जर्मन मानसशास्त्रज्ञाने स्वतःवरच प्रयोग करून १८८५ साली दाखवलं होतं, की पाठ केलेलं सुरुवातीला झपाट्याने विसरतं आणि मग विसरण्याचा वेग मंदावतो. म्हणून पहिली उजळणी लवकर, पुढच्या लांब लांब.

शब्दकोशाबद्दल एक गोष्ट मला उशिरा सुचली. इंग्रजी माध्यमातल्या मुलांना मराठी-मराठी कोश दिला तर अर्थातलेच तीन शब्द अडतात. त्यांना मोल्सवर्थ यांचा मराठी-इंग्रजी कोश द्यावा. पहिली आवृत्ती १८३१ ची; १८५७ ची दुसरी आवृत्ती मुंबईत छापली गेली, तीत सुमारे ६०,००० शब्द आहेत, आणि ती आता इंटरनेटवर फुकट बघता येते. अर्थ इंग्रजीत आहेत. जुन्या, झुपकेदार इंग्रजीत, पण भाचीला त्याचीच मजा वाटली. फक्त शोधायला मूळ रूप लागतं, तेव्हा 'हिंदकळलं'चं 'हिंदकळणे' करून द्यायला शेजारी कोणीतरी हवं.

एकाच पात्रामागे

मूल एकाच मालिकेची पुस्तकं वाचत सुटलं की पालकांना काळजी वाटते. "दुसरं काही वाच ना!" वाचू द्या. भाषा कशी शिकली जाते याचे अमेरिकी अभ्यासक स्टीफन क्रॅशेन यांनी १९८१ मध्ये याची बाजू घेतली होती. एकच लेखक, एकच मालिका किंवा एकच विषय धरून वाचलं तर तेच शब्द पुन्हा पुन्हा भेटतात. पात्रं, जागा, लेखकाची लकब सगळं ओळखीचं झालेलं असतं, त्यामुळे अनोळखी शब्दाकडे बघायला डोकं मोकळं राहतं. भा. रा. भागवतांच्या फास्टर फेणेमागे माझी पिढी पुण्याच्या पेठांतून सायकलने हिंडली ती मुंबईत बसूनच. किती शब्द तिकडून आले याची नोंद कोणी ठेवली नाही, पण आले.

आणि वाचून दाखवणं. आपल्याकडे मूल अक्षरं वाचायला लागलं की हे बंद होतं, म्हणजे नेमकं चुकीच्या वेळी. घरी मराठी बोलणाऱ्या इंग्रजी माध्यमातल्या मुलाचा कान डोळ्यांच्या बराच पुढे असतो. जोडाक्षरं फोडण्यात दम गेला की गोष्टीला दम उरत नाही. वॉरिक एली यांनी न्यूझीलंडमधल्या शाळांत गोष्टी वाचून दाखवून शब्दांची चाचणी घेतली होती, १९८९ साली ते प्रसिद्ध झालं. नुसतं वाचून दाखवलं तेव्हा शब्दांत सुमारे १५ टक्के वाढ झाली. वाचता वाचता शिक्षकाने अवघड शब्दाचा चटकन अर्थ सांगितला तेव्हा ४० टक्क्यांपर्यंत.

मग मी भाचीला सहा वेळा अर्थ का सांगितला नाही? कारण ती स्वतः वाचत होती. दर हाकेला तिचं बोट ओळीवरून उठायचं, मान वळायची, गोष्ट तुटायची. मी वाचून दाखवताना "फडताळातून, म्हणजे भिंतीतल्या कपाटातून" म्हटलं तर सूर तुटत नाही. मुलुंडहून दादरला जाताना स्लो गाडीत खिडकी मिळाली तर एक प्रकरण आरामात होतं. समोरच्या बाकावरच्या बायकाही ऐकायला लागतात, आणि घाटकोपरला उतरणाऱ्या एकीने उतरता उतरता पुढे काय झालं ते विचारलं होतं.

उलट दिशेने

आमच्या खालच्या मजल्यावरचा मुलगा सातवीत, सेमी-इंग्रजीत. त्याचा प्रश्न उलटा: इंग्रजी शब्द वाढवायचेत. त्याच्या वडिलांनी कोणाच्या तरी सांगण्यावरून एक जाडजूड इंग्रजी किशोर-कादंबरी आणली. वीस पानांत सायकल पंक्चर. लहान मुलांसाठीचं म्हणून ते सोपं, असं आपण धरून चालतो. पण ती पुस्तकं इंग्रजी ज्यांची मायबोली आहे अशा मुलांसाठी असतात. तिथलं दहा वर्षांचं पोर शाळेत यायच्या आधीच हजारो शब्द कानाने कमावून बसलेलं असतं. वेब आणि मॅकॅलिस्टर यांनी २०१३ मध्ये मुलांसाठीचं इंग्रजी लिखाण तपासलं तेव्हा शब्दांच्या बाबतीत ते मोठ्यांच्या लिखाणाहून फारसं हलकं निघालं नाही. दुसरी भाषा म्हणून शिकणाऱ्याने सुरुवात करावी ती मोजक्या शब्दांत मुद्दाम लिहिलेल्या, पायरी-पायरीच्या पुस्तकांनी. दुकानात 'ग्रेडेड रीडर' म्हणून मागितली की मिळतात. पाच बोटांची मूठ इथेही चालते.

नुसत्या गोष्टींनी दुसरी भाषा येते का, अशी शंका असेल तर फिजीचं उदाहरण आहे. तिथल्या खेड्यांतल्या शाळांत चौथी-पाचवीच्या वर्गांना सुमारे २५० इंग्रजी गोष्टींची पुस्तकं देऊन मुलांना वाचायला सोडलं. मुलांच्या घरी इंग्रजी नव्हतं. एली आणि मंगूभाई यांनी १९८३ मध्ये निष्कर्ष मांडले: वाचून आणि ऐकून समजण्यात ही मुलं इतर वर्गांच्या बरीच पुढे गेली, आणि दुसऱ्या वर्षी तो फायदा लिहिण्यातही दिसला. पुस्तकं भारी नव्हती, पण भरपूर होती आणि मुलांना आवडणारी होती.

भरपूर म्हणजे विकत घ्यायलाच हवीत असं नाही. नायगावचं मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय १८९८ पासून चालू आहे. माटुंग्याला किंग्ज सर्कलच्या फुटपाथवर जुनी इंग्रजी पुस्तकं ढिगाने असतात. मुलाला तिथे न्यावं आणि बोटं मोजत त्यालाच निवडू द्यावं.

भाचीने सुट्टीत तीन कादंबऱ्या संपवल्या. चौथी अर्ध्यात सोडली. "बोअर आहे" म्हणाली, आणि ती खरंच होती, म्हणून मी आग्रह केला नाही. वहीत सव्वीस शब्द झाले. कांदिवलीला परत गेल्यावर संध्याकाळी तिचा फोन आला, "मामी, मला तुझी हुरहुर आली." मी दुरुस्त केलं नाही. लायब्ररीतून पाचवी कादंबरी तेवढी आणून ठेवली आहे.